संगणकावर शिकला, डेटोना जिंकला : विल्यम बायरनची गोष्ट



मोटार शर्यत म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर फॉर्म्युला वन येतं. जमिनीला चिकटलेल्या उघड्या चाकांच्या गाड्या, मोनॅकोच्या गल्ल्या, शॅम्पेनचे फवारे. पण अमेरिकेत, विशेषतः तिच्या आग्नेय भागातल्या राज्यांत, मोटार शर्यत म्हणजे वेगळाच प्रकार. तिला म्हणतात स्टॉक कार रेसिंग, आणि तिचा कारभार पाहणारी सर्वांत मोठी संस्था म्हणजे नॅसकार. आज आपण या खेळाची शिडी समजून घेणार आहोत. एखादा पोरगा अगदी खालच्या पायरीवरून सर्वांत वर कसा पोचतो, वाटेत त्याची कसली कसली परीक्षा होते आणि त्यात गुण किती, पैसा किती, नशीब किती, हे बघूया. उदाहरण घेतलंय विल्यम बायरनचं. कारण तो ज्या दारातून या खेळात शिरला, ते दार त्याच्या आधी जवळपास कुणी वापरलंच नव्हतं.

स्टॉक कार म्हणजे काय?

स्टॉक म्हणजे दुकानात विकायला ठेवलेला माल. स्टॉक कार म्हणजे शोरूममधून उचललेली साधी गाडी. खेळाची सुरुवात खरोखर तशीच झाली. अमेरिकेत दारूबंदी असताना आणि त्यानंतरही डोंगराळ भागात चोरून दारू गाळली जायची. ती शहरात पोचवणाऱ्या पोरांना पोलिसांच्या पुढे पळायचं असे. बाहेरून गाडी साधीच दिसली पाहिजे, पण आतलं इंजिन मात्र तगडं हवं. मग या पोरांच्या आपसात पैजा लागू लागल्या. अर्थात सगळेच ड्रायव्हर दारूवाले नव्हते. शेतकरी होते, मेकॅनिक होते, गॅरेजवाले होते. आपल्याकडे शेतातल्या बैलांवरून बैलगाडा शर्यत उभी राहिली, तसंच काहीसं हे. रोजच्या कामाची वस्तू, तिच्यावरचा जीव आणि शेजारच्या गावाशी असलेली ईर्ष्या यांतून हा खेळ वाढला.

१९४८ मध्ये बिल फ्रान्स या माणसाने या विस्कळीत शर्यतींना एका संस्थेत बांधलं. तीच नॅसकार. १९५९ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना इथे अडीच मैलांचा, म्हणजे सुमारे चार किलोमीटरचा प्रचंड ट्रॅक उघडला. त्याची वळणं ३१ अंशांत कललेली आहेत. अशा उतारावर माणसाला चालत चढणंही अवघड, आणि त्यावरून गाड्या ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात.

आजची स्टॉक कार मात्र नावापुरतीच स्टॉक आहे. बाहेरचा आकार शेव्हरले, फोर्ड किंवा टोयोटाच्या गाडीसारखा, पण आत पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि खास शर्यतीसाठी बांधलेलं आठ सिलिंडरचं इंजिन.

गोल गोल फिरण्यात अवघड ते काय?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. बहुतेक शर्यती लंबगोल ट्रॅकवर, सतत डावीकडे वळत. यात काय कौशल्य? थोडं थांबून बघा.

पहिली गोष्ट, गर्दी. चाळीसच्या आसपास गाड्या, एकमेकींपासून हातभर अंतरावर, तीन-तीन रांगांत, तीन-चार तास. पुढची गाडी हवा कापते, तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागची गाडी त्या पोकळीत ओढली जाते. याला ड्राफ्टिंग म्हणतात. डेटोनासारख्या ट्रॅकवर एकटी गाडी कितीही चांगली असली तरी मागेच पडते. पुढे जायला कुणाची तरी साथ लागते, आणि ती साथ देणारा शेवटी तुमचाच प्रतिस्पर्धी असतो. त्याच्यावर कधी विश्वास ठेवायचा आणि तो कधी सोडायचा, हे ठरवायला क्षणभरच मिळतो.

दुसरी गोष्ट, गाडीचा स्वभाव. तो शर्यतभर बदलत राहतो. टायर झिजतात, इंधन संपत जातं तशी गाडी हलकी होते, ऊन वाढलं की ट्रॅक निसरडा होतो. वळणावर मागची चाकं सुटायला लागली तर गाडी ‘लूज’ झाली म्हणतात. पुढची चाकं वळायलाच तयार नसतील तर ‘टाइट’. ड्रायव्हरने हे अंगाने ओळखायचं, रेडिओवर क्रू चीफला मोजक्या शब्दांत सांगायचं आणि पिट स्टॉपमध्ये त्याने योग्य तो बदल करायचा. क्रू चीफ म्हणजे त्या गाडीचा मुख्य तंत्रज्ञ आणि सेनापती. वर गच्चीवर आणखी एक माणूस उभा असतो, स्पॉटर. ड्रायव्हरला बाजूचं नीट दिसत नाही, म्हणून ‘आत गाडी आहे’, ‘बाहेर मोकळं आहे’ हे तो सतत कानात सांगत असतो.

म्हणजे गोल फिरणं सोपं. गोल फिरताना बदलत्या गाडीला दर लॅपला नव्याने ओळखणं अवघड.

शिडीच्या पायऱ्या

आता शिडी बघू. अमेरिकेत पाच-सहा वर्षांची मुलं गो-कार्ट किंवा क्वार्टर मिजेट नावाच्या छोट्या गाड्यांत बसतात. त्यापुढे लेजंड कार. १९३०-४० च्या दशकांतल्या गाड्यांची ही छोटी प्रतिकृती, मूळ आकाराच्या पाच-अष्टमांश, आत मोटारसायकलचं इंजिन. मग लेट मॉडेल, म्हणजे गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर शनिवारी रात्री पळणाऱ्या पूर्ण आकाराच्या गाड्या. तिथे तुमची गाठ चाळीस-पन्नास वर्षांच्या मुरलेल्या स्थानिक ड्रायव्हरांशी पडते, आणि ते कोवळं वय बघून वाट देत नाहीत.

त्यावर प्रादेशिक मालिका आणि त्यावर नॅसकारच्या तीन राष्ट्रीय मालिका. सर्वांत खाली पिकअप ट्रकची मालिका, मध्ये दुसऱ्या दर्जाच्या गाड्यांची मालिका, जी बरीच वर्षं एक्सफिनिटी या नावाने ओळखली गेली, आणि सर्वांत वर कप सिरीज. वयाचेही नियम आहेत. सोळाव्या वर्षी छोट्या ट्रॅकवर ट्रक चालवता येतो, पण मोठ्या, वेगवान ट्रॅकवर उतरायला अठरा पूर्ण लागतात.

वर जागा किती? २०१६ पासून कप सिरीजमध्ये चार्टर नावाची पद्धत आहे. चार्टर म्हणजे प्रत्येक शर्यतीत हमखास प्रवेश मिळवून देणारा हक्क. असे चार्टर आहेत फक्त ३६. एवढ्या मोठ्या देशात हजारो मुलं दर आठवड्याला शर्यती लावतात आणि वर भरवशाच्या खुर्च्या छत्तीस. त्यातही चांगल्या गाड्या निम्म्याहून कमी.

म्हणूनच या खेळात घराणी फार. चेज एलियटचे वडील बिल एलियट १९८८ चे विजेते, आणि चेज २०२० मध्ये विजेता झाला. डेल अर्नहार्ट ज्युनियरचे वडील सात वेळा विजेते. घरात गॅरेज, घरात ओळखी, घरात अनुभव. आपल्याकडे गवयाचा मुलगा झोपेतसुद्धा ताल ऐकत वाढतो, तसं.

बायरन कुठून आला?

विल्यम बायरनचा जन्म २९ नोव्हेंबर १९९७ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरातला. नॅसकारच्या बहुतेक टीमचे कारखाने याच भागात आहेत, तेव्हा खेळ अवतीभवती होता. पण घरात नव्हता. घरातलं कुणी शर्यतीत उतरलेलं नव्हतं. मुलाला वेड होतं, जिमी जॉन्सन हा त्याचा आवडता ड्रायव्हर होता, आणि ज्या वयात इतर मुलांच्या खात्यावर कार्टिंगची पाच-सहा वर्षं जमा होतात, त्या वयात याच्या हातात होता फक्त एक संगणक.

त्या संगणकावर होतं आयरेसिंग. २००८ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम गेमसारखा दिसतो, पण त्याला सिम्युलेटर म्हणणं जास्त योग्य. यातले ट्रॅक लेझरने मोजून उतरवलेले असतात. खऱ्या ट्रॅकवर जिथे उंचवटा आहे, तिथेच तो पडद्यावरही असतो. स्टिअरिंगला मोटर बसवलेली असते, त्यामुळे टायरची पकड सुटायला लागली की ते हातात हलकं होतं. समोरचे प्रतिस्पर्धी म्हणजे जगभरातली खरी माणसं. नियम मोडले, धडका दिल्या, तर तुमची सुरक्षिततेची श्रेणी घसरते आणि वरच्या शर्यतीत प्रवेश मिळत नाही.

बायरनने इथे शंभराहून जास्त शर्यती जिंकल्या. मग त्याने वडिलांना खऱ्या गाडीसाठी गळ घातली. २०१२ मध्ये, पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तो लेजंड कारमध्ये बसला. या खेळाच्या हिशोबात हे फार उशिराचं वय. आपल्याकडे पंधराव्या वर्षी पहिल्यांदा बॅट धरणाऱ्याला मैदानावरचे काका काय म्हणतील? तसंच. पण पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, या मुलाने लेजंड कारच्या ३३ शर्यती जिंकल्या.

सिम्युलेटरने नेमकं काय दिलं?

इथे जरा थांबू, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज याच ठिकाणी होतात. गेम खेळून कुणी ड्रायव्हर होत नाही. सिम्युलेटरमध्ये शरीराला धक्का बसत नाही. खऱ्या गाडीत मागची चाकं सुटली की ते आधी पाठीला आणि बुडाला कळतं, मग डोळ्यांना. सिम्युलेटरमध्ये ते फक्त डोळ्यांना आणि हातांना कळतं. उष्णता नाही, धूर नाही. आणि भीती नाही. भिंतीवर आदळलं तर बटण दाबायचं, गाडी पुन्हा नवी.

मग मिळालं काय? एक, आवर्तनं. खऱ्या ट्रॅकवर सरावाचा प्रत्येक लॅप टायर खातो, इंधन खातो, पैसे खातो. संगणकावर तोच लॅप हजार वेळा मारता येतो. कुठे ब्रेक सोडायचा, कुठली वाट धरली तर टायर टिकतील, हे हजार वेळा तपासता येतं. दोन, गर्दीत वावरण्याची सवय. पुढचा काय करणार, मागचा कुठून येणार, हे ओळखायची नजर तयार होते. आणि तिसरी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. ज्याला पाठीने जाणवण्याची सोय नव्हती, तो डोळ्यांनी फार बारीक बघायला शिकतो. अशा मुलाला खऱ्या गाडीत बसवलं की त्याच्या नजरेला पाठीची जोड मिळते.

जे सिम्युलेटरने दिलं नाही तेही सांगतो. पैसे दिले नाहीत. लेजंड कार विकत घ्यावी लागते, दुरुस्त करावी लागते, ट्रेलरवर घालून गावोगाव न्यावी लागते. बायरनचे वडील वित्तक्षेत्रातले होते, घराची परिस्थिती चांगली होती. पुढे लिबर्टी विद्यापीठाने त्याला प्रायोजकत्व दिलं आणि ते वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर राहिलं. गाडीवर विद्यापीठाचं नाव, आणि तो स्वतः त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी. म्हणून ‘संगणक असला की झालं’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. संगणकाने शिकण्याचं दार उघडलं. त्यापुढचा जिना पैशानेच चढावा लागला.

पाच वर्षांत पाच पायऱ्या

२०१४ मध्ये बायरन लेट मॉडेलवर आला. टीम होती डेल अर्नहार्ट ज्युनियरची जेआर मोटरस्पोर्ट्स. अर्नहार्ट स्वतः आयरेसिंगचा जुना भोक्ता, त्यामुळे या मुलाच्या पार्श्वभूमीवर हसणारं तिथे कुणी नव्हतं. २०१५ मध्ये त्याने के अँड एन ईस्ट ही प्रादेशिक मालिका जिंकली. २०१६ मध्ये, अठरा पूर्ण होताच, तो काइल बुशच्या टीमकडून ट्रक सिरीजमध्ये उतरला आणि पहिल्याच मोसमात सात शर्यती जिंकल्या. ट्रक सिरीजमध्ये त्याआधी कुठल्याही नवख्याने एका मोसमात इतक्या जिंकल्या नव्हत्या.

पण त्याच वर्षी या खेळाने त्याला आपला खरा चेहराही दाखवला. अंतिम फेरीत जाण्यासाठी फिनिक्सची शर्यत निर्णायक होती. बायरन आघाडीवर होता, थोडेच लॅप उरले होते, आणि इंजिन गेलं. त्याची चूक काहीच नव्हती. विजेतेपदाची संधी तिथेच संपली. पुढच्या आठवड्यात होमस्टेडला मोसमाची शेवटची शर्यत त्यानेच जिंकली, पण किताब जॉनी सॉटर घेऊन गेला. अठरा वर्षांच्या मुलासाठी हा धडा मोठा. इथे तुम्ही उत्तम असून भागत नाही, त्या दिवशी तुमच्या गाडीतला प्रत्येक खिळा उत्तम असावा लागतो.

२०१७ मध्ये तो एक्सफिनिटी सिरीजमध्ये आला, चार शर्यती जिंकला आणि पहिल्याच वर्षी विजेता झाला. वय १९. आणि २०१८ मध्ये थेट कप सिरीज. टीम हेंड्रिक मोटरस्पोर्ट्स, गाडीचा क्रमांक २४. हा क्रमांक साधा नाही. जेफ गॉर्डनने याच क्रमांकाच्या गाडीत चार विजेतेपदं आणि ९३ शर्यती जिंकल्या होत्या. मुंबईच्या पोराला दहा नंबरची जर्सी देऊन वानखेडेवर उतरवावं, तशातला प्रकार.

२०१२ मध्ये पहिली खरी गाडी, २०१८ मध्ये कप सिरीज. इतक्या वेगाने वर जाण्यात एक धोका असतो, आणि तो लगेच दिसला.

वर पोचल्यावरची परीक्षा

२०१८ च्या मोसमात बायरन एकही शर्यत जिंकला नाही. गुणतक्त्यात तेविसावा आला. सर्वोत्तम नवख्याचा मान मिळाला, पण खाली दर महिन्याला जिंकणाऱ्या मुलासाठी हे जेवण कडूच. कारण उघड आहे. खाली तो चांगल्या गाडीत होता आणि समोर शिकणारे होते. वर सगळेच शिकून आलेले. खालच्या पायऱ्यांवर त्याने प्रत्येक ठिकाणी एकच वर्ष काढलं होतं. अनुभव कच्चा राहिला होता, आणि तो इथे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिकवावा लागला.

टीमने धीर धरला. २०१९ मध्ये त्याला चॅड क्नॉस हा क्रू चीफ मिळाला. बायरनच्या लहानपणीच्या हिरोला, जिमी जॉन्सनला, सात विजेतेपदं मिळवून देणारा हाच तो माणूस. पहिला विजय आला २९ ऑगस्ट २०२० ला, डेटोनाला, कप सिरीजमधल्या ९८ व्या शर्यतीत. २०२१ मध्ये रूडी फ्यूगल क्रू चीफ झाला. २०१६ मध्ये ट्रकवरच्या सात विजयांच्या वेळी रेडिओच्या दुसऱ्या टोकाला तोच होता. जोडी पुन्हा जमली आणि मोसमाच्या तिसऱ्याच शर्यतीत विजय मिळाला. ‘गाडी जरा टाइट आहे’ यातला ‘जरा’ म्हणजे नेमका किती, हे दोघांना सारखंच कळावं लागतं. ते संगणक शिकवत नाही.

२०२३ मध्ये सहा विजय. २०२४ मध्ये डेटोना ५००, हेंड्रिकच्या पहिल्या शर्यतीला बरोबर चाळीस वर्षं झाली त्याच तारखेला. २०२५ मध्ये पुन्हा डेटोना ५००. त्या दिवशी शेवटच्या लॅपमध्ये पुढच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि बायरन बाहेरच्या बाजूने सुटून पुढे गेला. नशीब म्हणा हवं तर, पण रिकामी जागा दिसायला नजर लागते. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, फिनिक्सलाच, किताबाच्या शर्यतीत अगदी शेवटचे लॅप उरलेले असताना त्याचा टायर गेला. २०१६ मध्ये जिथे इंजिनने दगा दिला, तिथेच नऊ वर्षांनी टायरने. कप सिरीजचं विजेतेपद तेव्हाही हुकलं.

आपल्यासाठी यात काय?

आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, कोइमतूरला करी स्पीडवे आहे, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे. हे वळणावळणाचे ट्रॅक. स्टॉक कारची परंपरा आपल्याकडे नाही. तरी कोइमतूरच्या परिसरातून वर आलेला नारायण कार्तिकेयन, फॉर्म्युला वनमध्ये पोचलेला पहिला भारतीय, २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक सिरीजमध्ये काही शर्यती धावला. मार्टिन्सव्हिलला पहिल्याच शर्यतीत तेरावा आला.

बायरननंतर संगणकाचं हे दार इतरांनीही वापरलं. राजा करूथ हा कृष्णवर्णीय तरुण असाच सिम्युलेटरवर शिकला, नॅसकारच्या विविधता वाढवण्याच्या उपक्रमातून पुढे आला आणि मार्च २०२४ मध्ये लास व्हेगासला ट्रक सिरीजची शर्यत जिंकला. त्याच्या बाबतीत पैशाचा जिना चढायला संस्थेने हात दिला, हा फरक ध्यानात घ्या. १९६३ मध्ये वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय ड्रायव्हर कप पातळीची शर्यत जिंकला, तेव्हा ट्रॅकवर करंडक मात्र दुसऱ्याच्या हाती दिला गेला होता. त्याच खेळात आज हे घडतंय.

तेव्हा तुमच्या घरात एखादी मुलगी किंवा मुलगा स्टिअरिंग लावून तासन्‌तास संगणकासमोर बसत असेल, तर दोन प्रश्न विचारा. पहिला, ती नुसती पळवतेय की शिकतेय? म्हणजे आपले लॅप मोजते का, चुका पुन्हा बघते का, दुसऱ्याला धडकून पुढे जाते की वाट काढून? यावरून वेड आणि तयारी यांतला फरक कळतो. दुसरा प्रश्न तिला नाही, आपल्याला. ती खरोखर शिकत असेल तर पुढच्या पायरीचा खर्च कोण उचलणार? घर, प्रायोजक की एखादी संस्था? अमेरिकेतही हा प्रश्न सुटलेला नाही, पण निदान तो उघडपणे विचारला जातो. आपल्याकडे खेळाडू घडल्यावर हार घालायला गर्दी होते. घडण्याच्या आधीच्या त्या पाच-सहा वर्षांत मात्र फार थोडे जवळ असतात.